पेजमेकरमधले जुने दिवाळी अंक ईपबमधे आणताना: कामाच्या नोंदी

आमच्याकडे १९९८ पासूनचे दिवाळी अंक पेजमेकरच्या (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फायलींमधे पडून आहेत. ह्या दिवाळीआधी त्यातले थोडे तरी ईपब (ईबुकचा फाइलप्रकार) करून विकायला काढायचे, वेबसाइटवर प्रत्येक कथा-कवितेचं स्वतंत्र पान करायचं आणि वितरकाला कॅटलॉगची एक्सएमएल फाइल (प्रत्येक तुकडा काय आहे ते टॅग लावून सांगणारी) द्यायची असं ठरलंय. मराठीत हे काम कुणी कसं केलं ह्याच्या नोंदी मला शोधून फारशा सापडल्या नाहीत म्हणून ह्या लिहितेय, ज्यांच्याकडे असेच गठ्ठे पडलेत त्यांना उपयोग व्हावा.

३ जून २०२४

फायली उघडण्यातच दिवस गेला. पेजमेकर ६.५ नव्या मशीनवर चालत नाही, आमच्या डीटीपीवाल्या काकांनी जुना एक्सपीचा पीसी जपून ठेवलाय म्हणून निभावलं. तुमच्याकडे असं मशीन असेल तर आधी त्याच्या हार्डडिस्कची कॉपी काढा, बाकी सगळं नंतर.

मजकूर साध्या टेक्स्टमधे एक्स्पोर्ट केला आणि जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमधे (आजच्या सगळ्या मशीनना समजणारी अक्षरांची पद्धत) आणणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला. मराठी बऱ्यापैकी आलं, पण लेखात जिथे इंग्रजी शब्द होते तिथे अगम्य देवनागरी आलं. कारण सरळ आहे, त्या काळच्या फॉन्टमधे मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असायची, त्यामुळे कुठला तुकडा मराठी नि कुठला इंग्रजी हे फक्त फॉन्टच्या नावावरून कळतं, आणि साधं टेक्स्ट केलं की फॉन्टचं नाव जातं. म्हणजे तो एक्स्पोर्ट बाद.

८ जून

आता मजकूर आरटीएफ ह्या फाइलप्रकारात काढला. ह्यात प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉन्ट चिकटलेला असतो. पायथनमधे छोटी स्क्रिप्ट लिहिली, मराठी फॉन्टचा तुकडा असेल तरच कन्व्हर्ट कर, नाहीतर हात लावू नको. इंग्रजी शब्द जागेवर आले.

एक महत्त्वाचं, ही आरटीएफ फाइल मधल्या मधे वर्ड प्रोसेसरमधे उघडून दुरुस्त करू नका. त्याचा ऑटोकरेक्ट साध्या अवतरणचिन्हांचं गोल अवतरण करतो, आणि जुन्या फॉन्टमधे त्या जागेवर एखादं अर्धं अक्षर बसलेलं असतं, ते गायब होतं. २००१ च्या अंकातल्या एका कथेत एकच अक्षर सगळीकडे उडालेलं दिसलं ते ह्यामुळेच. फाइल सरळ स्क्रिप्टलाच द्यायची.

१५ जून

वेलांटी आणि रफार. हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग आहे म्हणून नीट लिहिते.

जुन्या फॉन्टमधे जे जसं दिसतं तसं टाइप व्हायचं, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी नि अक्षर नंतर. युनिकोडमधे उलट, आधी अक्षर मग वेलांटी. आम्हाला मिळालेला कन्व्हर्टर वेलांटीला एकाच अक्षरापलीकडे नेत होता. ‘दिवस’ बरोबर आला, पण ‘स्थिती’चं ‘सि्थती’ झालं, कारण वेलांटीला ‘स्थ’ हे अख्खं जोडाक्षर ओलांडायचं होतं आणि ती ‘स’ संपल्यावरच थांबली. रफाराचं ह्याच्या बरोबर उलट, तो फॉन्टमधे अक्षरानंतर टाइप व्हायचा आणि युनिकोडमधे अक्षराच्या आधी जायला हवा. म्हणून ‘निसर्ग’चा ‘निसगर्’ आणि ‘मार्मिक’चं ‘मामिर्क’. दुसऱ्यात तर वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षरावर, त्यामुळे कोण आधी हलणार ह्यावर सगळं अवलंबून.

शेवटी क्रम असा ठेवला: आधी सगळी अर्धी अक्षरं जोडून पूर्ण जोडाक्षरं करायची, मग वेलांटी त्या अख्ख्या जोडाक्षराच्या मागे न्यायची, आणि सर्वात शेवटी रफार उचलून मागे जात जात काना-मात्रा-वेलांटी ओलांडून जोडाक्षराच्या पुढ्यात ठेवायचा. क्रम बदलला की बिघडतं. तपासायला सोपी युक्ती, शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला ‘र्’ दिसला किंवा वेलांटीच्या लगेच मागे हलन्त चिन्ह दिसलं की तो शब्द यादीत काढायचा. अशी यादी प्रत्येक अंकाची काढतो नि काकांना देतो.

काका म्हणाले, "अगं, पण रफार आम्ही कायम नंतरच मारत आलो, त्यात चूक काय?" म्हटलं, "काका, तुमचं काहीच चुकलं नाही, छपाईला तेच बरोबर होतं. फक्त आता शोधणाऱ्या मशीनला शब्द उच्चाराच्या क्रमानं लागतो." त्यानंतर यादी तपासायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं आणि त्यांच्या नजरेतून सुटत नाही काही.

२२ जून

दिसायला सारखे आणि आतून वेगळे शब्द. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमधे स्वतंत्रपणे २००८ मधे आलं, त्याच्या आधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते करायचे नि अजूनही कितीतरी कीबोर्ड तसंच करतात. डोळ्याला दोन्ही एकच, पण सर्चला वेगळे, एका पद्धतीनं शोधलं तर दुसरं सापडत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप करणं) हे दोन एक करत नाही, आपल्याला स्वतः बदलून घ्यावं लागतं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या ‘ऱ’चं काम मात्र नॉर्मलायझेशन करतं, ‘र’खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचं एकच अक्षर होतं. त्यामुळे दोन्ही पायऱ्या ठेवल्या.

आणि हायफन! काकांनी तेव्हा ओळ बसवायला शब्द हातानं तोडलेत, ‘महा-’ वर आणि ‘राष्ट्र’ खाली. मोबाइलवर ओळ बदलली की ते हायफन ओळीच्या मध्यात येतात. सरसकट काढताही येत नाहीत कारण ‘आई-वडील’मधला हायफन खरा आहे. उपाय: हायफन काढून जोडलेला शब्द त्याच अंकात दुसरीकडे कुठे सबंध सापडला तर जोडायचा, नाहीतर माणसासमोर ठेवायचा. बरेचसे आपोआप सुटले.

४ जुलै

मजकूर स्वच्छ झाला, आता खूण घालायची, म्हणजे कुठला तुकडा काय आहे ते टॅग लावून सांगायचं. सरळ ईपबला लागतं ते एक्सएचटीएमएल (एक्सएमएलच्या कडक नियमांनी लिहिलेलं वेबपेज) करावं की मधे आपलं स्वतःचं एक्सएमएल ठेवावं ह्यावर खूप बोलणं झालं. मी एक्सएमएलच्या बाजूनं होते. एकाच मजकुरातून ईपब, वेबसाइट आणि वितरकाची फाइल अशा तीन गोष्टी निघणार आहेत, आणि तिघांना हवं ते वेगळं. एक्सएचटीएमएलमधे कविता म्हणजे नुसता एक परिच्छेद, तळटीप म्हणजे बारीक अक्षर. ते कसं दिसतं हे कळतं, ते काय आहे हे कळत नाही. आधी काय आहे ते लिहून ठेवलं की दिसणं पाहिजे तेव्हा बदलता येतं.

आणि टॅग मराठीत ठेवले. एक्सएमएलमधे टॅगचं नाव देवनागरीत असलेलं चालतं, ते काही जुगाड नाही, मानकातच तशी सोय आहे. तर आमच्याकडे <कथा>, <कविता>, <कडवं>, <ओळ>, <तळटीप>, <लेखक>, <जाहिरात> असे टॅग आहेत. काकांना फाइल उघडली की वाचता येते, कुठे काय बंद व्हायचं राहिलं ते दिसतं. नावांत जोडणीची अदृश्य चिन्हं येऊ द्यायची नाहीत एवढं पाळलं, काही जुने पार्सर (एक्सएमएल वाचणारे प्रोग्राम) त्यावर अडतात. आणि कुणी <कडवं> ऐवजी <कडवे> लिहिलं तर लगेच कळावं म्हणून रिलॅक्स एनजी पद्धतीचा स्कीमा (कुठले टॅग कुठे चालतात त्याची नियमावली) केला, सेव्ह केल्यावर तपासणी होते. स्कीमा नसता तर दोन माणसांनी केलेलं काम एकत्र करताना आमचे हाल झाले असते.

कवितेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे बहुतेक मराठी ईबुकं घसरतात. कवितेची ओळ कुठे मोडायची हे कवीनं ठरवलेलं असतं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर लांब ओळ आपोआप खाली येते आणि वाचणाऱ्याला वाटतं ही नवी ओळ. प्रत्येक <ओळ> वेगळी असेल तर तिला उलटा इंडेंट देता येतो, म्हणजे खाली आलेला तुकडा थोडा आत सरकतो नि ही तीच ओळ आहे हे कळतं. ओळीच्या शेवटी नुसता ब्रेक टाकला असेल तर हे करता येत नाही. पेजमेकरमधे कविता टॅब आणि स्पेस मारमारून सरकवलेल्या होत्या, त्यात कवीची मुद्दाम सोडलेली जागा कुठली आणि पानात बसवायला केलेली कुठली हे फक्त छापील अंक समोर ठेवून ठरवलं. हे काम मशीनला देऊ नका.

१९ जुलै

परवानग्या. तेव्हा लेखकांनी छापील अंकासाठी लिहून दिलं होतं, ईबुकचा तेव्हा विषयच नव्हता. सगळ्यांना किंवा वारसांना पत्रं पाठवली. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचा मजकूर आत्ता बाहेर ठेवतोय. टॅगमधे ‘परवानगी’ नावाची खूण जोडली, ती ‘आहे’ असेल तरच ईपब आणि वेबसाइटकडे तो मजकूर जातो.

जुन्या जाहिराती चित्र म्हणून ठेवल्या, पर्यायी मजकुरासकट (चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन). पेजर आणि एसटीडी बूथच्या जाहिराती आहेत त्यात, काढून टाकणं मला पटेना.

२ ऑगस्ट

पहिला ईपब. ईपब म्हणजे शेवटी एक झिप फाइल, आत एक्सएचटीएमएलची पानं, स्टाइलशीट, चित्रं आणि ह्या सगळ्याची यादी देणारी एक एक्सएमएल फाइल. एक्सएमएलमधून एक्सएसएलटीनं (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा) पानं काढली नि ईपबचेक ह्या ईपब तपासणाऱ्या प्रोग्राममधे टाकली. एररची रांगच लागली. निघालेलं मुख्य हे:

‘माइमटाइप’ नावाची छोटी फाइल झिपमधे सर्वात पहिली लागते आणि ती कॉम्प्रेस केलेली चालत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केलं की हे हमखास मोडतं. आधी ती एकटी न दाबता टाकायची, मग बाकीच्या.

वेबपेजवर न तुटणाऱ्या मोकळ्या जागेसाठी ‘एनबीएसपी’ नावाची खूण चालते, इथे नाही. एक्सएमएलला अशी फक्त पाच नावं माहीत असतात, बाकी सगळं आकड्याच्या खुणेनं द्यायचं किंवा सरळ ते अक्षरच टाकायचं.

एका जाहिरातदाराच्या नावात & होतं, एक्सएमएलमधे अशी खूण त्याच चिन्हानं सुरू होते, तेवढ्यानं अख्खं पान उघडेना. एचटीएमएलमधे ब्राउझर समजून घेतो, एक्सएमएलचा पार्सर पहिल्याच चुकीला थांबतो. सुरुवातीला त्रास वाटतो पण मला हे आवडतं, चूक वाचकापर्यंत जाण्याआधी आपल्याकडेच अडते.

पानांच्या फाइलनावांना इंग्रजी अक्षरं वापरली. देवनागरी नावांना ईपबची हरकत नाही, पण झिपची काही जुनी टूल्स त्या नावांची वाट लावतात.

१० ऑगस्ट

ईपब उघडला, वाचायलाही येतोय, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिलेत आणि आमचा अंक आधीपासून तसाच छापला जातो. उपाय दोन जागी आहे. एक, प्रत्येक पानाच्या वरच्या टॅगवर भाषा मराठी म्हणून लिहायची, नुसती पुस्तकाच्या माहितीत लिहून भागत नाही. दोन, मराठीची रूपं आत असलेला फॉन्ट ईपबमधेच द्यायचा, मुक्त परवान्याचे असे फॉन्ट आहेत. तरीही वाचकानं ॲपमधे आपला फॉन्ट निवडला तर आपला जातो, त्याला इलाज नाही.

दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हट्ट सोडला. मराठीतले लांब शब्द बारीक स्क्रीनवर तुटत नाहीत, मग शब्दांमधे मोठमोठी भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवी कड मोकळी.

२८ ऑगस्ट

लेखकांची सूची. एकाच लेखिकेचं नाव वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळं छापलेलं, कधी आद्याक्षरं, कधी पूर्ण नाव, कधी लग्नाआधीचं. त्यावर लेखकांची एक वेगळी एक्सएमएल फाइल केली, प्रत्येकाला एक ओळखक्रमांक, आणि <लेखक> टॅगवर फक्त तो क्रमांक. अंकात छापलेलं नाव जसंच्या तसं राहतं, सूचीत मात्र सगळं लेखन एका ठिकाणी येतं.

सूची अकारविल्हे लावली तर क्षीरसागर ‘क’मधे गेले नि ‘ळ’ ‘ल’च्या पाठोपाठ आला. कॉम्प्युटर युनिकोडच्या क्रमानं लावतो आणि त्याच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे ‘क’ला जोडलेला ‘ष’. मराठी शब्दकोशात ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. आयसीयू ह्या युनिकोडच्या प्रोग्राम-लायब्ररीत मराठीचा क्रम तयार मिळतो, तो लावला नि सूची सुधारली. छोटी गोष्ट वाटेल, पण नाव आपल्या जागी सापडलं नाही तर सूचीचा उपयोगच काय.

मधे गणपतीचे दिवस, काम बंद.

२० सप्टेंबर

वितरकाची फाइल. त्यांना ओनिक्स ३.० हवं, हे पुस्तकव्यापारातलं एक्सएमएल, २००९ पासूनचं. ह्यात गोष्टी शब्दांत नाही, कोडमधे सांगायच्या. ए०१ म्हणजे लेखक, बी०१ संपादक, बी०६ अनुवादक. घटकांचा क्रमही ठरलेला, एक पुढेमागे झाला की फाइल नापास.

अडलेल्या तीन जागा. भाषेचा कोड: ईपबमधे मराठी दोन अक्षरी ‘एमआर’, ओनिक्समधे तीन अक्षरी ‘एमएआर’. एकाचा दुसरीकडे टाकला तर पुस्तक मराठीच्या यादीत येणार नाही. टॅगची नावं: ओनिक्समधे प्रत्येक टॅगला एक पूर्ण नाव नि एक आखूड कोड असतो, नमुन्याच्या फायलीत ‘बी२०३’ असं दिसतं तेच लांब नावात ‘टायटलटेक्स्ट’. एकाच फाइलीत दोन्ही मिसळायचे नाहीत. आणि किंमत: ०१ म्हणजे कर सोडून, ०२ म्हणजे करासकट. छापील पुस्तकावर जीएसटी नाही पण ईबुकवर आहे, त्यामुळे हा कोड चुकला तर प्रत्येक प्रतीमागे हिशोब चुकतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, हा वेगळा विषय. दिवाळी अंक नियतकालिक आहे, त्याला आयएसबीएन लागू होत नाही, आणि वितरकाची सिस्टीम आयएसबीएनशिवाय नोंद घेत नाही. मग जुने अंक जसेच्या तसे आमच्या वेबसाइटवरून विकायचे, आणि निवडक कथांचा संग्रह पुस्तक म्हणून वितरकाकडे द्यायचा असं आमच्या ऑफिसातल्या सरांनी ठरवलं. राजा राममोहन रॉय एजन्सीकडे आयएसबीएन फुकट मिळतो, पण ईबुकला छापील आवृत्तीपेक्षा वेगळा क्रमांक लागतो, अर्ज करताना तो लक्षात ठेवून मागा. संग्रह करायला वेगळं काम पडलं नाही, टॅग आधीच होते, हव्या त्या कथा गोळा करायची एक छोटी फाइल लिहिली नि ईपब तयार.

३ ऑक्टोबर

घटस्थापना, आणि संध्याकाळी बातमी की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ऑफिसात पेढे आले. माझ्या स्क्रीनवर तेव्हा किंमतीचा एरर होता.

वेबसाइटच्या प्रत्येक पानात सर्च इंजिनसाठी स्कीमा डॉट ऑर्गच्या ठरलेल्या साच्यात माहिती घालतोय, हा कुठल्या अंकातला मजकूर, लेखक कोण, किंमत किती. आमच्या एक्सएमएलमधे किंमत ‘₹१५०’ अशी होती आणि तीच तिकडे गेली. तिथला नियम स्पष्ट आहे, किंमतीत फक्त इंग्रजी आकडे, रुपयाचं चिन्ह वेगळ्या घटकात आयएनआर म्हणून. तारखांचंही तसंच. आता मूळ फाइलीत आकडे इंग्रजी ठेवतो आणि माणसाला दाखवताना एक्सएसएलटी देवनागरी करतं. उलटं करू नका.

पानांच्या पत्त्यांत देवनागरी ठेवायची इच्छा होती. पण साइटमॅपच्या (सर्च इंजिनला द्यायची पानांची यादी) एक्सएमएलमधे पत्ता टक्केवारीच्या खुणांत (% आणि पुढे दोन आकडे किंवा अक्षरं) लिहावा लागतो आणि एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं होतात. नुसत्या ‘दिवाळी’ शब्दाची चौपन्न. लिंक कुणाला पाठवली तर कशाची आहे तेच कळत नाही. वर्ष आणि रोमन अक्षरांत छोटं नाव असं ठेवलं.

१४ ऑक्टोबर

पहिले अंक आणि कथासंग्रह बाहेर पडले. खर्च विचारणाऱ्यांसाठी: सॉफ्टवेअर सगळं फुकटचं, पायथन, ईपबचेक, एक्सएसएलटी प्रोसेसर. पैसे गेले ते मुद्रितशोधनाला, पानामागे वीस रुपये दिले, आणि ज्या फायली उघडल्याच नाहीत त्यांच्या टायपिंगला पानामागे तीस. वेळ बहुतेक सगळा जूनमधल्या कामात गेला. पहिला अंक व्हायला महिन्याच्या वर लागला, तेवढ्याच जाडीचा पुढचा अंक आठवड्याभरात झाला कारण स्क्रिप्ट आणि स्कीमा तयार होते.

बाकी आहे ते: २००३ चा अंक वेगळ्या कंपनीच्या फॉन्टमधे आहे, त्याची अक्षरांची तालिका नव्यानं करावी लागेल, काका छापील अंकावरून एकेक अक्षर जुळवतायत. तळटिपा काही ॲपमधे टिचकी मारल्यावर तिथेच उघडतात नि काहींत पान बदलतं, परतीची लिंक प्रत्येक टिपेला घालतेय. आणि एका वाचकानं कळवलंय की स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कवितेची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद म्हणून थांबत थांबत वाचतो, तर <ओळ>चं रूपांतर परिच्छेदाऐवजी स्पॅनमधे (नवा परिच्छेद न करणारा टॅग) करून बघतेय, इंडेंट टिकतो का ते दिवाळीनंतर लिहीन.